बॅटरीचं पाणी

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी जीप ओरडायची. उत्तम पहाटे यायचा, ओसरीतल्या खुंटीवरची किल्ली काढायचा, इंजिनाचा हीटर तापेपर्यंत जीपला टेकून एक विडी ओढायचा आणि मग सेल, म्हणजे स्टार्टर, मारायचा. आधी नुसती खरखर, मग एक ठसका, मग सगळ्या पत्र्याचा थरथराट. धूर चुलीपर्यंत यायचा. तो आवाज झाला की मी काटवटीत पीठ ओढायचे. माझ्याकडं दुसरं घड्याळ नव्हतं. पहिली भाकरी तव्यावरून उतरेस्तोवर जीप वेशीत उभी असायची आणि उत्तमची हाळी ऐकू यायची, मिरजगाव, मिरजगाव. नऊ माणसांच्या जागेत सतरा बसायची, दोघं मागं लोंबकळायची. याला आमच्याकडं वडाप म्हणतात. जीप मालकांची होती, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पण तिला काय होतंय ते कळायचं उत्तमला. मालक पुढच्या सीटवर बसून भाडं घ्यायचे आणि ओळखीच्यांना रामराम करायचे. गावात त्यांना सगळे बापू म्हणत.

मी श्रीरामपूरकडची. आई लवकर गेली, मागं तीन भावंडं. ती हाताशी येईपर्यंत माझं लग्न राहिलं. शाळा चौथीतच सुटली होती. तेविसाव्या वर्षी उजवली आणि इकडं कर्जतच्या कोरड्या रानात येऊन पडले. माहेरी पाटाचं पाणी दाराशी, विहीरही गोडी. पाण्याला चव असते हेच मला सासरी आल्यावर कळलं, कारण आमच्या बोअरचं पाणी खारं होतं. त्यानं केस राठ व्हायचे, साबणाला फेस यायचा नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरायचा. गोडं पाणी गावाबाहेरच्या एका विहिरीला. होळी झाली की तीही तळाला जायची आणि मग टँकरची वाट बघायची. ते दोन हंडे फक्त प्यायला. त्यांची झाकणं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतः काढायच्या आणि स्वतः लावायच्या.

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दोन तास जाळ लावा, डाळ खाली खडखडीत आणि वर पिवळं पाणी. सोडा टाकला की शिजते, पण सोड्यानं मामंजींच्या पोटात आग पडायची. मामंजी म्हणजे सासरे. त्यांच्या तोंडात दात उरले नव्हते. भाकरी दुधात कुस्करून खायचे, पण जीव सगळा वरणावर. ताटात न शिजलेला दाणा लागला की ते बोटानं कडेला काढून ठेवायचे. एक, मग दुसरा, मग तिसरा. तोंडानं काही बोलायचे नाहीत. जेवण होईपर्यंत ताटाच्या काठाला दाण्यांची रांग लागलेली असायची. बोलायचं काम आत्याबाईंचं. पाटाच्या पाण्यावर वाढलेली, हिला काय ठावं रांधायचं, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते कानाला भांड्याच्या आवाजासारखं झालं. एकदा मी विचारलं, तुम्ही कशी शिजवत होता. त्या म्हणाल्या, "आमच्या हातात देव हुता." देव कसला, त्यांच्या तरुणपणी घरामागच्या आडाला गोडं पाणी होतं. पण सुनेनं हे बोलायचं नसतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, एक मुलगी झाली होती, आणि भावकीत माझी ओळख अजून कच्च्या डाळीची सून हीच होती.

उत्तम बौद्धवाड्यातला. माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. आमच्याकडं यायच्या आधी ट्रकवर होता, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. दुपारचं जेवण त्याला आमच्याकडं असायचं, ओसरीत. त्याचं जर्मनचं ताट आणि तांब्या ओसरीच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे. मी वरून वाढायचे, ताट त्याचं तो धुवायचा. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं असं लिहिलं तर लोक मला बरी म्हणतील, पण पुढं जे घडलं ते घडलं नसतं तर कदाचित आजही वाटलं नसतं.

त्याच कोनाड्याखाली बॅटरीच्या पाण्याचा पांढरा कॅन असायचा. मिरजगावच्या बॅटरीवाल्याकडून उत्तम तो भरून आणायचा. उन्हाळ्यात बॅटरी पाणी फार पिते. चार दिवसाआड तो तिची सहा बुचं काढून आत डोकावायचा आणि लहान लेकराला औषध पाजावं तसं जपून पाणी घालायचा. एकदा मी ओसरी सारवत होते आणि त्याचे हात तेलानं काळे झाले होते. त्यानं कॅनमधलं घोटभर पाणी हातावर घेतलं, साबण लावला, तर कोपरापर्यंत फेस. मी सारवायची थांबून बघत राहिले. तो म्हणाला, "वाफेचं पाणी हाय हे वहिनी. ह्यात खार न्हाई, माती न्हाई, कायच न्हाई. पावसाच्या पाण्यावानी मऊ." मी म्हटलं, बॅटरीचे लाड आमच्यापेक्षा जास्त आहेत. तर म्हणतो, "बॅटरी रुसली तर धंदा बंद. तुमी रुसला तर काय, डाळ कच्ची. ती तर तुमी हसत असला तरी कच्चीच." माझी कीर्ती ओसरीपर्यंत पोचली होती. पोचणारच, तोही तीच डाळ खात होता.

दुसऱ्या दिवशी जीप गेल्यावर मी कॅनमधलं तांब्याभर पाणी डाळीच्या भांड्यात ओतलं. अर्ध्या तासात डाळ फुटली. रवी फिरवायचीही गरज नव्हती, पळीनं हलवली तर लोण्यासारखी. मामंजींनी दोनदा मागून घेतलं. ताटाचा काठ स्वच्छ. आत्याबाईंनी काठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दुपारी शेजारणीला सांगत होत्या, शिकली बरं का आता. त्या घरात माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं बरं वाक्य. मी भिंतीआड उभी राहून ते ऐकलं. कॅन उणा दिसू नये म्हणून तेवढंच बोअरचं पाणी मी त्यात आधीच भरून ठेवलं होतं. माझ्या लेखी पाण्यात पाणी.

हे चैत्रापासून चाललं. रोज तांब्याभर काढायचं, तांब्याभर भरायचं. नवा कॅन आला की पुन्हा तेच. जुना होत आला की डाळ थोडी अडायची, मग मी मटकी-हुलग्यावर चार दिवस काढायचे. पाहुणे आले की आत्याबाई मुद्दाम म्हणायच्या, वरण सुनेच्या हातचं होऊ द्या. उत्तमही एकदा जेवता जेवता म्हणाला, डाळ आता हाताला लागली वहिनी. मी मान हलवली.

जीपला दुखणं लागलं ते हळूहळू. पहाटेची खरखर लांबली, ठसका उशिरा यायला लागला. ते मला चुलीपुढं बसून आधी कळलं, पण जीपचं कुणी मला विचारत नव्हतं. मग उत्तम संध्याकाळी जीप मारुतीच्या पाराजवळच्या उतारावर लावायला लागला. पहाटे चाकाखालचा दगड काढायचा, जीप घरंगळली की गिअरमध्ये टाकायची, की सुरू. सपाटीला बंद पडली तर बसलेल्यांनी उतरून ढकलायची. एका म्हाताऱ्यानं मालकांना विचारलं म्हणे, ढकलायचं बी आमीच आन भाडं बी आमीच द्यायचं का.

मग गावभर निदानं सुरू झाली. लिंबाखाली जीप उभी आणि भोवती दहा-बारा वैद्य. कुणी म्हणे डिझेलात रॉकेल आहे. कुणी म्हणे पायपात हवा धरली, म्हणून हातपंप मारून मारून हवा काढली. सेल खोलून मिरजगावला नेला, त्याचे कार्बन बदलून आणले. फरक नाही. आत्याबाईंनी मीठ, मोहऱ्या, मिरच्या जीपवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट लागलेली. उत्तम पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होता, बॅटरी. त्यानं मालकांना दाखवलंही. पुढचे दिवे लावले आणि सेल मारला, तर दिवे मेणबत्तीसारखे विझत आले. सेल फिरवायला लागलं की दिव्याला काही उरत नाही, म्हणजे बॅटरीतच जीव नाही, एवढं सरळ होतं. मालकांना पटेना. बॅटरी दसऱ्याला नवी घेतलेली. नवी बॅटरी मरेलच कशी, हा त्यांचा सवाल होता.

मिरजगावच्या बाजारच्या दिवशी जीप भर स्टँडवर बंद पडली. आत माणसं, टपावर बोचकी, दोन शेरडं. सपाटी होती, ढकलून ढकलून माणसं दमली, तरी घेईना. मग एकेक करून सगळी उतरली आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. शेरडंसुद्धा गेली. संध्याकाळी जीप ट्रॅक्टरला साखळीनं बांधून गावात आली. मालक आतच बसून होते. खाली उतरून चालले असते तर जास्त लोकांनी विचारलं असतं. त्यांच्या मागोमाग फटफटीवर रज्जाकभाई आले. मिरजगावचा बॅटरीवाला तो हाच, ज्याच्याकडून आमचा कॅन यायचा.

रज्जाकभाईंनी घाई केली नाही. चहा घेतला, मग सहा बुचं काढली, काचेच्या नळीनं आतलं पाणी ओढून उजेडात धरलं. बॅटरीत जीव असला की नळीतलं काचेचं तरंगतं गुंडं वर येतं, ते तळाशी बसून राहिलं. टॉर्च लावून आत बघितलं आणि विचारलं, पाणी कुठलं घालता. उत्तमनं कॅन पुढं केला, म्हणाला, तुमच्याच दुकानातलं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. माझ्याकडं वळून म्हणाले, भाभी, एक ताटली द्या, चुलीत जाळ आहे ना.

ताटली मीच सांडशीत धरली होती. तिच्यात कॅनमधलं चमचाभर पाणी. सगळे स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाले, फक्त उत्तम ओसरीतून आत यायच्या पायरीशी, जिथून पुढं तो कधी येत नसे. पाणी चर्र झालं, आटत गेलं आणि ताटलीत पांढरं कडं उमटलं. तसंच, जसं आमच्या हंड्यांना असतं. जीप का सुरू होत नाही हे त्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. रज्जाकभाई बोलले ते नंतर. "बापू, हे डिस्टिल वॉटर न्हाई. हे तुमच्या बोअरचं पाणी हाय. प्लेटा खाल्ल्या ह्यानं. ही बॅटरी आता काढून टाका."

मालक ओसरीत गेले. दिवसभराचा बाजार त्यांच्या तोंडावर होता. म्हणाले, "उत्तम, पैसे खाल्लेस का आळस केलास, तेवढं सांग." उत्तमनं कॅनकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या ताटलीकडं. मग चुलीकडं, जिथं डाळीचं भांडं उतरवून ठेवलं होतं. तो आवाजावरून इंजिन ओळखणारा माणूस, त्याला किती वेळ लागणार. तो म्हणाला, "मी दुकानातनं आणून हितं ठेवत हुतो बापू. मधी काय झालं ते घरात इचारा." मालकांनी त्याची गचांडी धरली. घरात म्हणजे कुणाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. उत्तम हळू म्हणाला, "वहिनींना. तुमी मला नंतर मारा, पर आधी त्यांना निस्तं इचारा."

बॅटरीची मला भीती नव्हती. बॅटरीसाठी चार शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक फटका. भीती दुसरीच होती. तीन महिने सगळ्या घरानं त्याच्या कॅनमधल्या पाण्याची डाळ खाल्ली होती. ज्या कॅनला तो तेलाचे हात लावायचा, ज्यातलं पाणी तो हातावर घ्यायचा. मामंजी सोवळ्यानं जेवायला बसायचे. आत्याबाईंनी चुलीवरची भांडी उकिरड्यावर फेकली असती आणि मला श्रीरामपूरच्या गाडीत बसवलं असतं. आणि आणखी एक गोष्ट, जी कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. मला ते कौतुक सोडवत नव्हतं.

मालक दारात येऊन म्हणाले, "तू हात लावला हुता का त्या कॅनला?"

मी म्हटलं, "मी कशाला लावू? त्याच्या वस्तूला मी शिवते का कधी?"

संपलं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या घरात याच्यापेक्षा मोठा पुरावा कुणाला लागत नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, बघ, घरच्या बाईवर बोट दाखवतोय, जात दाखवली शेवटी. रज्जाकभाई खाली बघून बुचं लावत होते. मालकांनी उत्तमला एक ठेवून दिली, पण ती जोराची नव्हती, कारण आता जोर लावायचं काही राहिलं नव्हतं. उत्तमनं किल्ली खुंटीला अडकवली. कोनाड्यातलं ताट आणि तांब्या घेतला. पायरीवरून माझ्याकडं बघून म्हणाला, "बरोबर हाय वहिनी. शिवत न्हाई तुमी." आणि गेला.

त्या रात्री मी झोपले. अंथरुणावर तळमळले वगैरे काही नाही. दिवसभराच्या कामानं झोप लागायची, तशी लागली. नवी बॅटरी आली, मालक स्वतः जीप चालवायला लागले. नवा कॅन त्यांनी घरातच कुलपात ठेवला. डाळ पुन्हा कच्ची. आत्याबाई म्हणाल्या, गेला हाताचा गुण.

मला वाटलं होतं, एवढ्यावर भागलं. उत्तमला काय, दुसरी गाडी मिळेल. मिळतही होती. महिन्याभरानं कर्जतचे एक डॉक्टर घरी आले. त्यांना मोटार चालवायला माणूस हवा होता. उत्तम त्यांच्याकडं जाऊन आला होता आणि आधी कुठं होतास म्हटल्यावर त्यानं आमचं नाव सांगितलं होतं. दुसरं कुणाचं सांगणार. डॉक्टर म्हणाले, घरची बाईमाणसं, पोरं गाडीत असतात, म्हणून विचारायला आलो. मालक खोटं बोलणारे नव्हते. त्यांना जे खरं वाटत होतं तेच ते बोलले. "गाडीला हात चांगला हाय. पर पाण्यात बी लबाडी करतो, आन वर घरच्या बायकांवर घालतो. मग तुमी बघा."

मी चहा घेऊन आले होते. डॉक्टरांनी कप घेताना माझ्याकडं बघितलं, घरातल्या बाईलाही काही सांगायचं आहे का, असं. तिथं आत्याबाई नव्हत्या, मामंजी नव्हते. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते माझ्या तोंडाशी होतं. मी विचारलं, साखर बरोबर आहे का. ते म्हणाले, बरोबर आहे.

पहिल्या वेळेला मी घाबरले होते. या वेळेला तेवढंही नव्हतं. म्हणून मला ओसरीपेक्षा हा चहा जास्त बोचतो.

डॉक्टरांनी दुसरा माणूस ठेवला. आमच्या भागात बातमी पायानं चालत नाही, वडापनं जाते. कर्जतपासून मिरजगावपर्यंत कुणी उत्तमच्या हातात किल्ली दिली नाही. दिवाळी झाल्यावर मी पाण्याला जाताना बघितलं, वेशीत ऊसतोडीचा ट्रक उभा होता. उत्तमची बायको वर चढून बसली होती, तो खालून लेकरं देत होता. स्टिअरिंगवर दुसराच कुणी होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, ती दोनदा अडखळली. उत्तमनं नुसती मान वळवून आवाज ऐकला आणि मग मागं चढला. दोन हंगाम ते असे गेले आणि परत आले. तिसऱ्या वेळेला परत आले नाहीत. कुणी म्हणालं पुण्याकडं आहेत. मी चौकशी केली नाही. बौद्धवाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, त्याचा भाऊ तिथंच राहायचा. विचारायचं असतं तर विचारता आलं असतं.

मामंजी गेले, चार वर्षांनी आत्याबाई गेल्या. घरात कुकर आला, नळाला गोडं पाणी आलं. जीप भंगारात गेली. मग एक दिवस, भांडणात नाही, काही नाही, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी मालकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, निदान गप्प होतील. ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई-बाबांना तीन महिने बॅटरीचं पाणी पाजलंस म्हणाले. मी वाट बघत राहिले की हसून झाल्यावर ते उत्तमचं काही बोलतील. ते शेंगा फोडायला लागले.

तेव्हापासून ती घरातली गंमत झाली. पाहुणे जेवायला बसले, वरण वाढलं की मालक सुरू करायचे. त्यांना गोष्ट रंगवता येते. लिंबाखालचे वैद्य, टपावरची शेरडं, ताटलीतलं पांढरं कडं. शेवटी म्हणायचे, "आमच्या हिनं आख्खी जीप डाळीत शिजवली." सगळे हसायचे. मीही हसायचे. चांगली गोष्ट आहे, हसू येतंच.

गेल्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं. सून नगरची, नर्सिंग शिकलेली, सरळ बोलणारी. पहिल्यांदा सगळे एकत्र जेवायला बसलो तेव्हा मालकांनी तिला ती गोष्ट सांगितली. ती हसली, मग घास घेता घेता थांबली आणि म्हणाली, "मग त्या ड्रायव्हरचं काय झालं हो मामा?"

मालक जरा अडखळले. "व्हय की," म्हणाले. "पोरगा चांगला हुता. गाडीला हात लई चांगला." मग माझ्याकडं वळले. "काय गं नाव त्याचं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी भाताचं भांडं जवळ ओढलं आणि म्हटलं, "आता कुठं आठवतंय."